गप्प जमीन

सासरे : जमीन विरोध करत नाही म्हणजे चांगलंच की हो. बायको विरोध करते, कामगार करतात, बँक करते. जमीन तरी गप्प आहे.

जावई : बाबा, तिने गप्प राहून चालत नाही. हा टोकदार दांडा यंत्राने दाबला की वाळूने त्याला अडवायला हवं. वरचा थर अडवतोय. त्याखाली मात्र पिठात बोट घालावं तसा दांडा जातोय.

सासरे : समुद्र बुजवून केलेली जागा, थोडा जाणारच. मी स्वतः उभं राहून रोलर फिरवून घेतलाय. सकाळी उड्या मारून पाहिल्या.

जावई : तुमच्या उड्या वरच्या थराला कळल्या. खालची वाळू खोलवर हादरवून घट्ट करायची होती. ते यंत्र कुठे गेलं?

सासरे : दुसऱ्या साइटवर. इथे सगळं सपाट दिसत होतं, म्हटलं उगाच कशाला? आणि जावईबापू, तुमच्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत एवढी माणसं असताना या कामाला मी तुमचंच नाव का सुचवलं?

जावई : मला वाटलं, माझं काम चांगलं आहे म्हणून.

सासरे : तेही आहेच. बरं, असं करा, वरचं आणि खालचं मिळून सरासरी काढा.

जावई : तुमचं आणि माझं ब्लडप्रेशर मिळून सरासरी अगदी नॉर्मल येते. म्हणून तुम्ही गोळ्या सोडल्यात का?

सासरे : मग दांडा तिकडे गेटजवळ घाला. ट्रक जाऊन जाऊन तिथे फरशी झालीय नुसती.

जावई : हॉस्पिटल गेटजवळ नाही, इथे बांधणार आहेत. उद्या भूकंपाचा धक्का बसला, तर ही सैल वाळू पाण्यासकट पातळ होईल. वर खाटांवर पडलेली माणसं असतील, बाबा. त्यांना उठून पळताही येणार नाही.

सासरे : उद्या कोनशिलेला मंत्री येताहेत, त्याचं काय? मांडव घालून झालाय. थांबा, तुमच्या बायकोलाच बोलावलंय मी. ती बघा आली. तीच समजावेल तुम्हाला.

(मुलगी चपला हातात घेऊन वाळूतून येते.)

मुलगी : बाबा, तुमची गाडी पार डांबरी रस्त्यावर का लावलीत? इथवर आणायची की. मला एवढं चालावं लागलं.

सासरे : नवी आहे गं.

मुलगी : मग?

सासरे : मग काय, इथे रुतली-बितली तर? नवी आहे.

जावई : बाबा, रिपोर्टमध्ये काय लिहू?

सासरे : दिसलं ते लिहा. यंत्र परत मागवतो. आणि आज घरी कुणी माझ्याशी बोलू नका.

मुलगी : आणि उद्याचे मंत्री?

सासरे : मांडव रस्त्याकडे हलवायला सांगतो. विचारलंच कुणी, तर म्हणू, तिकडे वारा बरा येतो.