केवणीच्या खाडीतल्या तीन तांबोश्या

ऐका रे. जेवलात ना सगळे? मग आता मुकाट बसा. ज्याचं पोट नाजूक असेल त्यानं आत्ताच उठून घरी जावं, नंतर माझ्या अंगणात ओकायचं नाही. गोष्ट घाण आहे. तरी सांगतो, कारण काल तुमच्यातले दोघे पाग घेऊन रात्री केवणीच्या खाडीवर जायचं ठरवत होते. माझे कान अजून शाबूत आहेत, बरं का.

तर लवू कुबल. चाळीस वर्षं हातात पाग. जाळं असं फेकायचा की पाण्यावर गोल परात ठेवल्यासारखं पडायचं. हात सोन्याचा, पण तोंड? शी! मासा विकायला बसला की त्याच्या तोंडून 'शिळा' हा शब्द उभ्या जन्मात निघाला नाही. चार दिवसांचा बांगडा, डोळे पांढरे, पोट फुटलेलं, तरी लवू म्हणणार, "ताजो! आत्ता काढलंय!" गिऱ्हाईक कल्ला उचलून बघणार, तर यानं आधीच आत लाल रंग चोपडलेला. लोक ते खायचे. मीही खाल्लाय. थू!

दिवस वैशाखाचे. तुम्हाला सांगायला नको, वैशाखात किनाऱ्याचं पाणी कसं होतं ते. अंघोळीला काढल्यासारखं कोमट. मासा खोल पळतो. दिवसभर जाळी टाका, येतं काय? शेवाळ आणि ते चिकट जेलीफिश. हात खाजून लाल. आणि नेमका त्यात लवूचा जावई यायचा होता. लग्नानंतर पहिल्यांदा. लेकीची सासू आधीच बोलून बसली होती, "खाडीकाठचं माहेर म्हणे, बघूया काय वाढतात!" लवूची बायको शेवंता म्हणाली, "माझ्या चेडवाक मान वर करून नांदूचा हा. बर्फातलो मासो जावयाच्या ताटात पडूचो नाय." झालं. लवूनं पाग खांद्यावर टाकला, कमरेला पिशवी बांधली, आणि अंधार पडल्यावर निघाला. रात्री पाणी जरा निवतं, भरतीबरोबर मासा आत शिरतो, हे त्याला ठाऊक.

वाट कुठली धरली? खाजणाच्या, त्या खाऱ्या दलदलीच्या, बांधावरची. तीच ती! जिथं त्याच्या दोन वर्षं आधी एक माणूस बुडाला, आणि आठ दिवसांनी वर आला. कसा वर आला ते मी सांगणार नाही. बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो. पाण्यातच राहतो, मासळीचा हावरट. लवूला माहीत नव्हतं? होतं! पण जावई यायचा होता ना.

गुडघाभर पाण्यात उतरला. पहिला पाग टाकला, ओढला, जेलीफिशचा गोळा. शेंबडासारखा. दुसरा टाकला. जड! ओढतो तो काय, तांबोश्या! एक नाही, तीन! हातभर लांब, लालभडक, फडफडणाऱ्या. वैशाखात, काठाला! अरे, तिथंच समजायला हवं होतं. पण लवू हरखला. लेकीचं माहेर राखलं म्हणून डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. पिशवीत भरल्या, वळला.

मागनं आवाज आला. "गावला काय?"

खारफुटीतल्या चिपीच्या झाडाखाली कुणीतरी उभं. कमरेएवढ्या पाण्यात. "वायच दाखव. ताजी हा मां?"

आणि लवू काय म्हणाला? चाळीस वर्षांची सवय! "ताजी! आत्ता काढलंय!"

एक हात पुढे आला. ओला, पांढरा. पिशवीत शिरला, एका तांबोशीचा कल्ला उचलला, सोडला. आणि लवूच्या मांडीवरून काहीतरी गरम ओघळलं. खाली बघतो, ती तांबोशी सडलेली! डोळे दह्यासारखे. वास असा, की श्वास घ्यावा तर जीभ विटाळावी.

"आणि ही? ताजी हा?"

अरे, गप्प बस ना! पळ ना! पण तोंड त्याचं. "ताजी! फडफडता!" दुसरीचं पोट फुटलं. किडे बाहेर. किडे, रे! पिशवीच्या जाळीतून त्याच्या पोटावर चढायला लागले. तिसरीबद्दलही तेच विचारलं, तिसरीलाही हा तेच बोलला, आणि तिसरी वितळून पायावर सांडली. कोण मिटक्या मारतोय तिकडे? बंद कर तो चिवडा!

आता लवू पळायला गेला. पाय निघेनात. चिखलानं पोटऱ्यांपर्यंत धरलेले. आणि ते जवळ आलं. पाणी हललं नाही, आवाज नाही, पण जवळ आलं. डोळे नव्हते. खोबणीत बारीक खेकडे बसलेले, आत-बाहेर करत होते. हात वर आला. लवूच्या कानामागे दोन गार बोटं गेली. कान असा उचलला, मासळीचा कल्ला उचलतात तसा. आत वाकून बघितलं.

"आणि ह्यो? ह्यो ताजो हा मां?"

ऐका! लवूचं तोंड उघडलं होतं. 'ता' जिभेवर आलेला. ताजा म्हणाला असता तर तिसऱ्या तांबोशीची गत. लवूला ते कळलं, आणि त्यानं जीभ दातांखाली धरली. रक्त आलं. मग ओरडला, खाजण दणाणलं, "शिळो! शिळो हा ह्यो! कुसलेलो! आतून कुसलेलो! खाव नको!"

बोटं थांबली. त्यानं लवूचा गळा हुंगला. एकदा. दोनदा. आणि तोंड वाकडं केलं, रे! त्या घाणीला लवूची किळस आली! एक हात असा मारला, की लवू चिखलातून उपटून बांधावर पडला. तिथून जो पळाला तो घरच्या न्हाणीत.

दुसऱ्या दिवशी जावयाच्या ताटात काय पडलं? वालाची आमटी, भात, कैरीचं लोणचं. पोरीची मान वर होईना. सासूला सांगायला खाद्य मिळालं, आणि वर्षभर पोरीनं ते ऐकलं. पण लवूनं स्वतःच्या हातानं वाढलं. दोनदा आमटी, दोनदा भात. शेवंता आत चुलीपाशी रडत होती, कारण वाढणारा हात जिवंत होता.

तेव्हा त्या दोघांनी ऐकावं. वैशाखात काठाला मासा नसतो. नसला तर नसला. डाळ खा. पण रात्री खाजणाच्या बांधावर पाऊल ठेवायचं नाही. जा आता, हात धुऊन झोपा.