आतली कडी

— विचारलंस बघ. चौघं येऊन गेले तुझ्या आधी, घरं विकून देणारे मोठमोठे एजंट, एकानं विचारलं नाही — मधल्या दाराला कडी आहे ती हॉलच्या बाजूनं, स्वयंपाकघराच्या बाजूनं का नाही. तू आलीस, दार पुढं-मागं केलंस, आतल्या अंगाला हात फिरवलास आणि म्हणालीस, अक्का, आतनं कडीच नाही. नाही. असू दे ते. सुताराची चूक म्हण. कॉफी घे आधी, निवेल. साखर स्वल्प जास्त पडली असेल, ह्यांना तशी लागायची — जाऊन चौदा महिने झाले, हात ऐकत नाही अजून.

रूपश्री ना नाव तुझं? निपाणीकडची. बोलण्यावरनंच कळलं. आमचं मराठी तुला अर्धं कन्नड वाटत असेल, चार पिढ्या चामराजपेटेत काढल्यावर दुसरं काय होणार. तर काय सांगत होते — एजंट. पहिला आला तो लाल दिव्याचं यंत्र घेऊन, भिंतीवर ठिपका मारायचा आणि आकडा वाचायचा, तीन खोल्या एका रांगेत, त्याला कितीसा वेळ लागणार. जाताना म्हणाला, अम्मा, घेणारा हे पाडणारच, वाईट वाटून घेऊ नका. मी म्हटलं, सरी, बरं, पाडू दे. सगळ्यांना वाटतं म्हातारीचा जीव अडकलाय घरात. दुसरा दिशा बघत फिरला, चूल इकडं हवी, नळ तिकडं हवा — अठ्ठेचाळीस वर्षं चूल पेटली बाबा इथं, आता काय सांगतोस. तिसरी बाई होती, ती म्हणाली, यजमानांचा फोटो उतरवा, हार घातलेला फोटो घेणाऱ्या पार्टीला बघवत नाही. म्हटलं, तूच उतरव ना, स्टूल देते. घाबरली बिचारी. खरंच सांगत होते मी तिला. मी उतरवला तर लोक काय म्हणतील, तिनं उतरवला असता तर कामापुरतं झालं असतं.

चौथा महांतेश. तो चांगला होता, खोटं कशाला बोलू, त्यालाच देणार होते काम. नळ सोडून बघितले, दिवे लावून बघितले, खिडक्या उघडल्या. मी आत गॅस पेटवत होते, त्याच्यासाठीच कॉफी ठेवत होते, तर त्यानं मधलं दार ओढलं आणि कडी सरकवली. चालते का बघायला. बाहेरनं म्हणतो, अम्मा, जुनं लोखंड, काय छान बसते कडी. त्याच्या मनात काही नाही. अर्धं मिनिट झालं असेल-नसेल. पण मी ना — मी दार वाजवलं नाही, हाक मारली नाही. गॅस बंद केला आणि पाटावर बसले, दोन वाजायची वाट बघत. त्यानं दार उघडलं तर मी अशी भिंतीला टेकून बसलेली. काय झालं अम्मा, बरं नाही का? म्हटलं, काही नाही, उद्या कळवते. कळवलं नाही.

दोन का? — बोलून बसले बघ मी.

दोनला हे जेवायला यायचे. शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान होतं मार्केटात, सकाळी आठला जायचे. जाताना कडी. आत मी, स्वयंपाकघर, न्हाणी, मागं एवढीशी मोरी आणि उंच भिंत. दोनला उघडायची, जेवण, परत कडी, मग रात्री. मला मारलं नाही गं कधी, बोट लावलं नाही. मार्केट जवळ, माणसं कसली कसली असतात, तुझ्याच भल्यासाठी — एवढंच म्हणायचे. शेजारपाजारी म्हणायचे, शारदाबाई काय साध्या, घराबाहेर पाय नाही. आणि गंमत बघ, घर माझ्या नावावर. टॅक्सचं काहीतरी होतं म्हणून त्यांनीच केलं. म्हणून तर सही माझी लागते सगळ्यांना.

मुलगा, गिरीधर, आठ वर्षांचा झाला तेव्हा ह्यांनी दुकान लवकर उघडायला घेतलं. मग कडी घालायचं काम त्याच्याकडं. शाळेचं दप्तर पाठीला, स्टुलावर चढायचा, हात पुरायचा नाही त्याचा. आतनं मला ऐकू यायचं — स्टूल सरकवलं, चढला, येतो आई, आणि मग कडी. रोज येतो आई म्हणायचा. एक दिवस विसरला. मी दार ढकललं तर उघडलं. काय केलं असेन मी? कुठं गेले असेन? कुठं नाही. हॉलमधल्या खुर्चीवर बसले, रस्त्यावरची माणसं बघितली. दोन वाजायच्या आत परत आत आले, दार ओढून घेतलं. पण आतनं कडी कशी घालणार मी बाहेरची? त्यांना सापडलं. मार पोराला बसला. मी बसले नव्हते बाहेर असं म्हटलं असतं तर — पण मी नुसतं उभी राहून बघितलं. त्यानंतर गिरीधर कधी विसरला नाही.

डोळे कसले पुसतेस, कॉफी पी. बावीस वर्षं पुरी चाललं हे, मग ह्यांचे पाय गेले, कडी नुसती दाराला राहिली. आणि मुलगा वाईट नाही गं. जीव आहे त्याचा माझ्यावर. सर्जापूर रोडला फ्लॅट आहे, अकराव्या मजल्यावर, माझ्यासाठी वेगळी खोली, खिडकीत तुळस ठेवलीय सुनेनं. पंधरा दिवस राहून आले. दाराला किल्लीच नाही. बोट टेकवलं की उघडतं. माझं बोट चालत नाही — भांडी घासून रेषाच गेल्यात, यंत्राला कळत नाही हे माणूस आहे म्हणून. गिरीधर म्हणाला, हरकत नाही आई, तुला काही करायलाच नको, मी ऑफिसातनं फोनवर उघडतो, बंद करतो. आतनं उघडतं तसं, पण उघडलं की त्याच्या फोनवर टिंग वाजतं. मी लिफ्टपाशी पोचते न पोचते तोच फोन. आई, कुठं निघालीस? काय हवंय, मी आणतो. किती प्रेमानं विचारतो. मी परत आत येते. त्याला आठवत नाही स्टूल. की आठवतं, कुणास ठाऊक, मी कधी विचारलं नाही.

रविवारी तो त्याचा एजंट आणतोय, बेळ्ळंदूरचा. कागद तयार आहेत म्हणे, हे विकायचं आणि मी तिकडं कायमची. तो समोर बसला, आई सही कर म्हणाला की मी करणार. मला मी माहीत आहे. म्हणून आज गुरुवारीच तुझ्या कागदावर करते, दे पेन. इथं ना? आणि ऐक, दोन कामं तुझी. हे विक, पाडू दे, मी बघायला येणार नाही. आणि मला एक खोली शोध, खाली, रस्त्याला लागून, ह्याच पेठेत. एक खोली पुरे. भाजीवाली हाक मारेल तेव्हा बाहेर जाता आलं पाहिजे. वास्तू-बिस्तू बघू नको, दार तेवढं बघ. कडी कुठल्या बाजूला आहे ते.

फोन वाजतोय. त्याचाच असेल, ह्या वेळेला रोज करतो. वाजू दे.

नको, काही बोलू नकोस. कुणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगायचं होतं असंही नाही, दारामुळं झालं. ऊठ आता, तुझी बस चुकेल. जा. दार नुसतं ओढून घे, रस्त्याकडचं. कडी मी घालते, आतनं.