दोनदा उद्घाटन झालेला कारखाना

विमानतळाच्या प्रवेशदाराबाहेरच्या रांगेत माझ्यामागे मामा-भाची उभे होते. प्रवास भाचीचा होता, मामा पोहोचवायला आले होते.

"तळणीच्या जुन्या तेलापासून विमानाचं इंधन करणारा तुमचा कारखाना चालू झाला का गं?"

"उद्घाटन दोनदा झालं, मामा. चालू एकदाही नाही."

"असं कसं?"

"आधीचं सरकार म्हणालं, प्रत्येक विमानात हे इंधन घालायलाच हवं. आम्ही टाक्या उभारल्या, त्यांच्या मंत्र्यांनी फीत कापली. मग निवडणूक झाली. नवे मंत्री आले, पुन्हा फीत कापली आणि म्हणाले, सक्ती नाही, ज्याला वाटेल तो घालेल."

"मग कोणाला वाटलं?"

"कोणालाच नाही. महागातलं पुण्य कोण घेतो?"

"आणि आता?"

"तेही सरकार पडलं. आता पुन्हा सक्ती आलीय, तीही दुप्पट आणि पुढच्या महिन्यापासून."

"मग घोडं अडलंय कुठे?"

"यंत्रं जिला कळतात ती आमची मुख्य इंजिनिअर कंटाळून परदेशी गेली. तिथलं सरकार म्हणे पक्कं आहे. तिलाच परत आणायला चाललेय."

"येईल ती?"

"काल फोनवर म्हणाली, रविवारपर्यंत थांब. त्यांच्याकडेही मतदान आहे."