ओट्यावरचा रुमाल

काय सांगू तुम्हाला, माझं माहेर बिडकीनचं, मेंढरांमागं चालणाऱ्यांच्या घरात जन्मले आन् दिली बी तशाच घरात, पाचोडला. चालायचा कटाळा आमच्यात कुणाला नाय. आमचे मालक, रूपालीचे बाप, मेंढरं घेऊन महिनोन् महिने फिरतात, तरी परत येतात ते हसत, कारण वाट त्यांच्या पायाखालची, वाटलं तिथं थांबतात. माझी वाट बसची.

शहरात एका दवाखान्याच्या चादरी धुते. अंधारात निघायचं, दिवेलागणीला घरी. मला सगळं नीट लागतं, डबा, पास, छत्री जागच्या जागी, पण ह्या दोन फेऱ्यांचं काय करायचं ते काय मला बसवता आलं नाय. जाताना बस चुकंल म्हणून धडधड, येताना डोकं नुसतं भणभणतं. रडायचं तर बसमधीच रडते, तिथं कुणी विचारत नाय. संगतीची मंगलबाई म्हणती, खिडकीची जागा तुला रडायलाच धरते मी. जागा धरायची म्हंजी खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमाल पडला की जागा त्याची, मग कलेक्टर आला तरी उठवत नाय.

रूपाली माझी लेक, दहावीला. आधी मी गावातच शिवणकाम करायची, तवा सांजेला दोघी ओट्यावर बसायचो, ती शाळेतलं सगळं सांगायची. आता घरात पाय टाकला की माझ्या तोंडून एकच, आवर, उरक, बाजूला हो. मागल्या आठवड्यात आले तर पोरगी ओट्यावर आन् शेजारी घडी घातलेला रुमाल. मी तो उचलला, घाम पुसला, आत जाऊन आडवी झाले. सासूबाई म्हणल्या, अगं, शाळा सुटल्यापासून तुझी जागा धरून बसली व्हती ती, मला बी बसू देईना.

उठून गेले तर ओटा रिकामा. दुसऱ्या दिवशी विचारलं, काय सांगायचं व्हतं बाई तुला. तर म्हणली, बसमधला रुमाल तुला लांबून कळतो, आई. तवापासून व्हय आन् नाय, तिसरा शब्द नाय. काय सांगायचं व्हतं ते अजून कळलं नाय, आन् काय वाईट तर झालं नसंल ना, ह्या भीतीनं बसमधी जीव लई कासावीस व्हतो.

नोकरी सोडावी तर घर कशावर चालंल. म्हणून आता आले की हातपाय न धुता ओट्यावर बसते, शेजारी माझा रुमाल टाकते. पोरगी दारातून बघती आन् आत जाती. रुमाल अजून तिनं उचलला नाय, आन् मी बी उठत नाय. तुमची लेकरं तुमच्याशी बोलत राहोत, एवढंच म्हणते.