मधल्या स्टेशनचा मास्तर

...नाही पण मी म्हणतो, न्हाव्याच्या वस्तऱ्याशी रेल्वेचा संबंध काय? तुम्हीच सांगा! माझ्याकडे नियमांचं पुस्तक आहे, एवढं जाड, उशाला घेतलं तर मान धरते. त्यात सिग्नल आहे, सांधे आहेत, गाय रुळावर आली तर काय करायचं तेही आहे, पण वस्तरा? वस्तरा कुठंच नाही! आणि तरी तुम्हाला सांगतो, दर मंगळवारी सकाळी खालच्या गावचा न्हावी तिकिटाच्या खिडकीतून हात आत घालतो, मी विचारतो कुठलं तिकीट, तर म्हणतो, "तिकीट नको मास्तर, एवढा वस्तरा तेवढा वरच्या लोहाराकडून धार लावून आणा, पण माझा आहे म्हणून सांगू नका हं!" मी गुपचूप वर चढतो, लोहार वस्तरा उलटसुलट करतो, म्हणतो, "त्या खालच्याचा ना? लावतो धार, पण मी लावली म्हणून सांगू नका!" अहो, मग लावली कुणी? बोकडानं? आणि मी कोण? मी स्टेशनमास्तर! माझं काम झेंडी दाखवायचं!

बोकड म्हटलं मी, नाही का? तोच तो! सगळं त्या बोकडानं केलं. आमचं स्टेशन म्हणजे एक फलाट, एक बाक, एक घड्याळ आणि दोन गाड्या, सकाळी अकरा वीसची जाणारी, संध्याकाळी साडेपाचची येणारी. वर टेकडीवर एक गाव, खाली नदीकाठी एक गाव, आणि मध्ये मी. अकरा वर्षांपूर्वी वरच्यांचा बोकड खालच्यांच्या भोपळ्याच्या वेलात शिरला, त्यांनी हाकलला, तो पळाला तो थेट रुळावर, आणि तेवढ्यात अकरा वीस... संपलं. वरचे म्हणतात मुद्दाम हाकलला, खालचे म्हणतात बोकडालाच अक्कल नव्हती, आणि दोघंही माझ्याकडे वळून म्हणतात, "मास्तर, तुम्ही तर होतात ना तिथं!" अहो, मला इथं येऊन सहा वर्षं झाली! मी तो बोकड डोळ्यांनी पाहिलेला नाही! पण इतक्या वेळा ऐकलंय, इतक्या वेळा ऐकलंय, की आता त्याचं डावं शिंग किती वाकडं होतं ते मी चित्र काढून दाखवीन.

तेव्हापासून दोन्ही गावं बोलत नाहीत. न्हावी खाली, त्यामुळे वरच्या गावात अकरा वर्षं कुणाचे केस धड कापलेले नाहीत, घरोघरी बायका कात्री चालवतात, सगळं गाव नुकतंच झोपेतून उठल्यासारखं दिसतं. लोहार वर, त्यामुळे खालच्या गावात धार असलेला विळा नाही, तिथं कापणी करत नाहीत, उपटतात. त्यात स्टेशनला दार एकच, तेही वरच्या बाजूला. मग खालच्यांनी वरच्यांच्या वाटेवर पाय कसा ठेवायचा? ते येतात पार्सलच्या खोलीच्या खिडकीतून! म्हातारेकोतारे, गरोदर बायका, एकदा तर कपाट आलं त्या खिडकीतून! आणि निरोप? "मास्तर, खालच्यांना सांगा, पाणी सोडलंय." "मास्तर, वरच्यांना सांगा, आम्हाला दिसतंय." मी काय कबुतर आहे? माझं काम झेंडी दाखवायचं!

म्हणून मी अर्ज करत होतो. सहा वर्षं, सहा अर्ज. मोठ्या जंक्शनवर बदली द्या. माझ्यासाठी नाही हो, माझं काय, मी कुठंही चिडचिड करू शकतो! हिच्यासाठी. आमची ही वाढली शहरात, तिसऱ्या मजल्यावर, खाली दुकानं, समोर वाचनालय, आणि आणून टाकली कुठं, तर दोन रूळ आणि एका बोकडाच्या आठवणीत! मला वाटायचं, बोलत नाही बिचारी, पण आतून किती झुरत असेल...

आणि एक दिवस आलं पत्र! मी तीनदा वाचलं. 'सदर स्टेशनावर पुरेसे प्रवासी आहेत किंवा नाहीत याची पाहणी करण्यास साहेब स्वतः येत आहेत. नसल्यास स्टेशन बंद करून कर्मचाऱ्यास जंक्शनवर रुजू करण्यात येईल.' नसल्यास! अहो, आमच्याकडे अकरा वीसला चार माणसं चढली तर फाटकवाला मला विचारतो, आज काय विशेष? म्हणजे झालंच की काम! मी फक्त गप्प बसायचं होतं. पत्र घडी करून खिशात घातलं आणि एकटीला सांगितलं, हिला. म्हटलं, सामान बांधायला घे हळूहळू. ती म्हणाली, "बरं." आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेली. मला वाटलं, आनंद गिळतेय.

आता गुरुवारी काय झालं बघा. दर गुरुवारी आमच्या बाकावर दोन म्हाताऱ्या येऊन बसतात. सख्ख्या बहिणी. थोरली दिली वरच्या गावात, धाकटी खालच्या. बोकड मेल्यापासून एकमेकींच्या घरी जायचं नाही, पण स्टेशन कुणाच्याच बापाचं नाही ना! म्हणून थोरली दारातून येते, धाकटी खिडकीतून, आणि बसतात तासभर. थोरलीला ऐकू कमी येतं, त्यामुळे तिच्या सुनेनं काय केलं ते मला, फाटकवाल्याला आणि गाडी थांबली असेल तर डायव्हरलासुद्धा कळतं. तर त्या गुरुवारी दोघी बोलतच नव्हत्या. नुसत्या हात हातात घेऊन बसलेल्या. मी मुद्दाम दिवे पुसायला लागलो. तर थोरली एकदम ओरडली, "मास्तर, स्टेशन बंद करताय म्हणे!"

मी म्हटलं, मी नाही हो आजी, वरून...

"आमच्या गावानं?"

तसं वर नाही, त्याच्याही वर!

धाकटी हळू बोलते. ती म्हणाली, "मास्तर, हिचं वय एक्याऐंशी. माझं अठ्ठ्याहत्तर. आता तुम्ही बाक नेलात, तर आम्ही एकमेकींची बातमी कुणाकडून ऐकायची? आणि ती कसली असेल?"

आतापर्यंत हजार जणांनी मला हजार कामं सांगितली, पण हे काही तिनं काम सांगितलं नव्हतं हो. नुसतं विचारलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः, या पायांनी, वर गेलो आणि खाली गेलो. लोहाराला म्हटलं, बुधवारी साहेब माणसं मोजणार आहेत, खालचे पन्नास जण चढणार आहेत म्हणे. न्हाव्याला म्हटलं, वरचे साठ येतायत. बस्स! एवढंच बोललो. खोटं बोललो. पुस्तकात तेही नाही! माझं काम झेंडी दाखवायचं!

बुधवारी अकराला साहेब आपल्या मोटारीनं आले, हातात वही, नाकावर चष्मा. आणि दारातून वरचं गाव शिरलं! केस असे सगळे दाही दिशांना! साहेब दचकले, म्हणाले, "हे लोक कशातून वाचून आलेत का?" तेवढ्यात खिडकीतून खालचं गाव पडायला लागलं, एकावर एक, पोत्यांसारखं! साहेब म्हणाले, "आणि हे?" मी म्हटलं, हेही प्रवासीच. तिकिटं देता देता माझा अंगठा सुजला. अकरा वीस आली, आणि दोन्ही गावं एकाच वेळी दोनच डब्यांत घुसली. लोहार गेला, न्हावी गेला, पोस्टमन, दाई, शाळेचे मास्तर, आणि माझा फाटकवालासुद्धा गेला! मी ओरडतोय, अरे, फाटक कोण लावणार? तो खिडकीतून म्हणतो, "लावूनच आलोय!" उघडणार कोण, मेल्या?

गाडी गेली. फलाटावर उरलं कोण? साहेब, मी आणि गुरुवारची वाट न पाहता बाकावर येऊन बसलेल्या त्या दोघी. साहेबांनी विचारलं, "आजी, तुमची गाडी चुकली?"

थोरली ओरडली, "मला कुठं जायचंय? मी इथंच येते!"

मी डोळे मिटले. संपलं म्हटलं.

"मग इथं कशाला येता?"

"बहिणीला भेटायला! गाडीचं काय, ती येते नि जाते!"

साहेब वही मिटून तिच्या शेजारी बसले, आणि बोकडापासून सगळं ऐकलं त्यांनी, सगळं! उठताना मला म्हणाले, "मास्तर, तुमची काही मागणी?" अहो, खिशात अर्ज होता! सातवा! घडी घातलेला! हात खिशात गेला... आणि तोंडातून काय बाहेर पडावं? "खालच्या बाजूला एक दार पाहिजे, साहेब."

बरं, ती दोन गावं गेली कुठं? पुढच्या स्टेशनला! तिथं ना छप्पर, ना हॉटेल, आणि परतीची गाडी थेट साडेपाचची. सहा तास दोन्ही गावं एका झाडाखाली! मी इकडे येरझाऱ्या घालतोय, डोकी फुटली असतील, हाडं मोडली असतील. साडेपाचची आली, दार उघडलं, आणि आवाज! ही आरडाओरड! "तुमच्या बोकडाला वळण नव्हतं!" "तुमच्या भोपळ्याला कुंपण नव्हतं!" भांडत होते हो! अकरा वर्षांनी समोरासमोर, मला मध्ये न घेता भांडत होते! आणि लोहार उतरला तो अर्ध्या डोक्यानं! डावी बाजू गुळगुळीत, उजवी जंगल! न्हाव्यानं तिथंच कापायला घेतले होते आणि मध्येच गाडी आली. न्हावी वस्तरा नाचवत मागून ओरडतोय, "थांब ना, थांब, धार तुझीच आहे!" दोघं तसेच माझ्या बाकावर बसले. सकाळपासून तिथंच बसलेल्या थोरलीला उठवून!

पंधरा दिवसांनी पत्र आलं. स्टेशन चालू. दार मंजूर. आणि खाली एक ओळ, 'दोन्ही गावांशी असलेले मास्तरांचे संबंध पाहता त्यांची बदली निवृत्तीपर्यंत करू नये.' निवृत्तीपर्यंत! अजून चौदा वर्षं!

मी घरी गेलो, हिच्यासमोर पत्र ठेवलं, म्हटलं, माफ कर मला, तुझं शहर माझ्या हातून गेलं. तिनं वाचलं आणि काय केलं असेल? हसली! म्हणाली, "मला कुठं जायचंय हो? सहा वर्षं मी समजत होते, शहर तुम्हाला हवंय."

मी म्हटलं, म्हणजे तू झुरत नव्हतीस?

"मला वेळ कुठाय? मंगळवारी मी वरच्या बायकांना शिवण शिकवते, शुक्रवारी खालच्या. त्या म्हाताऱ्यांना पत्राचं कुणी सांगितलं, तुम्हाला काय वाटलं?" असं म्हणून तिनं पिशवी उचलली आणि निघाली.

कुठं चाललीस, विचारलं.

म्हणाली, "वर. आणि भात उतरवा तेवढा. दहा मिनिटांनी."

तेव्हा माफ करा मंडळी, उठतो. भात लागेल.