दत्तारामचं नाव

नाय, पाटी नाय तिकडे. पाटी शोधत बसाल तर माझ्यासारखे दोन शनिवार फुकट घालवाल — साडी राहू दे इथे, फॉल लावून ठेवते, तुम्ही ऐका. परळची ती म्युनिसिपाल्टीची शाळा, तिच्या मागच्या जिन्याने वर, दारू सोडलेल्यांची मीटिंग भरते. शनिवारी सहाला. वॉचमनला विचारू नका, तो शिवणक्लासात नेऊन बसवतो. मला बसवलंन. कोणासाठी ते मी नाय विचारत. मिस्टरांसाठीच ना? मग मान खाली कशाला घालता? मी पण आमच्या मिस्टरांसाठीच, लहूसाठी, फिरत होते. संप झाला, मिल गेली, आणि हा माणूस सकाळी तोंड धुवायच्या आधी पिऊन यायचा. डॉक्टरांनी सुया दिल्या, आईने अंगारा पाठवला — काय झालं? काय नाय झालं. शेवटी हॉस्पिटलच्या वॉर्डातली आया, बकुळा, तिने कागदावर पत्ता लिहून दिला. तिसऱ्या शनिवारी जिना चढले तर आतून एक माणूस सांगतोय, मी बायकोला मारायचो. कसं सांगतोय? आपण खोली नंबर सांगतो तसं. मी दारातच बसले गो. म्हटलं, सापडलं.

मग नेलं लहूला. पहिल्या वेळी ओढत, दुसऱ्या वेळी शिव्या खात, आणि मग आपणच जायला लागला. सुटली. खोटं कशाला बोलू, सुटली. आता कॉटन ग्रीनला गोदामावर राखणीला आहे, वेळेवर जातो, वेळेवर येतो. तुमच्यापण मिस्टरांची सुटेल.

दारू सोडून वर्ष झालं की ते मीटिंगवाले घरच्यांना बोलावतात. नवी साडी नेसून गेले मी, मुलीला घेतलं, पेढे घेतले. लहू उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट. म्हणाला — माझा मेहुणा दत्ताराम, तो फुटीर नव्हता. त्याचं नाव मी दिलं होतं.

दत्ताराम म्हणजे माझा धाकटा भाऊ. गिरणीत लहूनेच लावलेला, राहायला आमच्याकडेच. संपाचं दुसरं वर्ष होतं, मालकाची माणसं चाळीतनं फिरायची — कामावर यायला कोण तयार आहे, नावं द्या. एक नाव द्या, एक बाटली घ्या. आमच्या नवऱ्याने दत्तारामचं नाव दिलं. यादी फुटली. भर दुपारी चाळीच्या पोरांनी त्याला खाली आणलं, तोंडाला काळं फासलं, चपला घातल्या गळ्यात. आणि लहू तिथेच उभा होता हो! गर्दीत, सगळ्यांबरोबर. दत्ताराम वर आला, दाराशी उभा राहिला, म्हणाला, “ताये, मी नाव नाय दिलंय गो.” मी दार लावून घेतलं. तो तसाच गेला गावाला. तीन वर्षांनी तिकडेच वारला, काविळीने. मी मातीलासुद्धा गेले नाय. फुटीर म्हणून.

आणि हे मला कुठे कळतं? पन्नास परक्या माणसांत, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांच्यात म्हणे असतं, ज्याचं वाईट केलं त्याची माफी मागायची. तो तर गेला. म्हणून माझी मागितली, हात जोडून, सगळ्यांसमोर. आणि टाळ्या वाजवल्या गो त्यांनी! बाजूची बाई रडत होती, मला म्हणते, नशीबवान आहात. एका घरात राहतो आम्ही. पाच वर्षं एका ताटलीतलं खाल्लं, माझ्या भावाला मी लहूसमोर शिव्या घालायचे — तो ऐकायचा. एक शब्द नाय. आता बोलतो आम्ही, नाय असं नाय. पाणी आलं. मीठ दे. तेवढंच.

फसवलंन मला. दारूने नव्हे, दारू काय, दिसते तरी. मला कळलं असतं तर मी दार लावलं असतं? सख्खा भाऊ माझा. मला काय माहीत — आता ती बाटली होती म्हणा. खाटेखाली. त्या दिवशी सकाळी झाडताना केरसुणीला लागली, इंग्लिश, सील न फोडलेली. वर्षभर पगार नाय, घरात भाताची पेज, आणि इंग्लिश बाटली कुठनं आली हे कोणीपण विचारेल. मी नाय विचारलं. परत आत सरकवली. दुपारी दत्ताराम दारात आला तेव्हा ती तिथेच होती, खाटेखाली. मला दिसत होती. पण दोन मुलं माझी, नवऱ्याला काळं फासलं असतं तर आम्ही जायचं कुठे? आणि दत्ताराम काय, सडा माणूस, त्याला गाव होतं...

असं काय बघताय?

मी काय बोलले? काय नाय बोलले. न्या मिस्टरांना, शनिवारी, सहाला, मागच्या जिन्याने. साडी बुधवारी मिळेल. आता सरका जरा, उजेड अडतोय.