वॉर्म नको, कूल लाव

बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एका सोसायटीचे चेअरमन आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या शेजारीणबाई बसल्या होत्या.

“वहिनी, रात्री आपली बिल्डिंग बघितलीत? नवे दिवे काय दिसतात!”

“बघितली ना. पांढरीफटक, वर निळसर झाक. नुसतं समोर उभं राहिलं तरी फिनेलचा वास येतो.”

“करा चेष्टा. दिवेवाला पिवळसर दिवे गळ्यात मारत होता. मी ठणकावलं, वॉर्म अजिबात नको.”

“का बरं?”

“अहो, नावातच वॉर्म! उन्हाळ्यात भिंती तापल्या असत्या. म्हटलं, कूल लाव.”

“भाऊजी, वॉर्म हे रंगाचं नाव आहे. त्याने भिंत तापत नाही.”

“दिवेवालाही हेच म्हणत होता. पण मी फसणाऱ्यातला नाही.”

“छे, तुम्हाला कोण फसवणार! त्यानेच हात टेकले असतील.”

“ते जाऊ द्या. काल रात्री तुमचे सासरे टॅक्सीतून उतरत का नव्हते?”

“पंधरा दिवसांनी हॉस्पिटलमधून घरी आणलं, तर वर बघून म्हणाले, सूनबाई, परत इथेच का आणलंस?”

“तरीच! मी हात द्यायला आलो, तर मला म्हणाले, डॉक्टर, घरी कधी सोडणार?”

“आणि तुम्ही हसत म्हणालात, बघू दोन दिवसांत. रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.”

“अरेरे. मग आता काय सांगू त्यांना?”

“खरं तेच सांगा, डॉक्टर. दिवे बदलले की लगेच.”